इंजन चालवायचं स्वप्न आणि चष्म्याचा पाऊण नंबर

प्रश्न नागपुरातल्या एका वडिलांचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी यंदा दहावीत. इतवारीच्या बाजूला रुळांजवळ घर, त्यामुळे लहानपणापासून एकच घोका, इंजन चालवणार. तिचे मामा म्हणतात, दहा वर्षांत गाड्या आपोआप चालतील, ड्रायव्हर लागणारच नाही, त्यापेक्षा अकरावी सायन्स घे. आयटीआयला टाकावं की सायन्सला? गेल्या वर्षी चष्मा लागलाय, पाऊण नंबर, पण तो अठरा पूर्ण झाले की लेझरने काढून टाकू."

नमस्कार. गाड्या आपोआप चालतील का, याचं उत्तर पुढे देतो. पण तुमच्या प्रश्नातली कळीची ओळ शेवटची आहे आणि तीच तुम्ही जाता जाता लिहिलीत. इंजनाकडे जायची पहिली पायरी म्हणजे असिस्टंट लोको पायलट, थोडक्यात एएलपी, म्हणजे चालकाचा सहायक. बिनचष्म्याने दिसत नसेल तर त्या भरतीत मुलगी बसत नाही. लेझर करून घेतलं तर डोळे कितीही चांगले झाले तरी बसत नाही. म्हणजे ज्या उपायाने दार उघडेल असं तुम्हाला वाटतं, त्यानेच त्याला कुलूप लागतं. भरतीच्या जाहिरातीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं: लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेली असेल तर एएलपीच्या पदाला अपात्र. जाहिरात शंभरेक पानांची असते आणि मुलं त्यातली पगाराची आणि अभ्यासक्रमाची पानं वाचतात. त्यामुळे परीक्षा पास होऊन मेडिकलला बाद होणारी पोरं प्रत्येक भरतीत असतात.

आधी हे मेडिकल नीट समजून घ्या. रेल्वेत प्रत्येक पदाला वैद्यकीय वर्ग ठरलेला असतो आणि एएलपीचा ए-वन, म्हणजे सगळ्यात कडक. दूरची नजर दोन्ही डोळ्यांना ६/६, बिनचष्म्याने. जवळचं वाचनही बिनचष्म्याने. शिवाय रंग ओळखणं, दोन्ही डोळ्यांनी मिळून अंतर जोखणं, रात्रीची आणि अंधुक उजेडातली नजर. एक तपासणी मुलांना कोड्यात टाकते. डॉक्टर डोळ्यासमोर अधिक दोनचं भिंग धरतात आणि तोच तक्ता वाचायला सांगतात. आता अक्षरं पुसट दिसली पाहिजेत. भिंग लावूनही शेवटची ओळ स्वच्छ वाचता आली, तर त्या डोळ्यात अधिकचा नंबर लपलेला आहे आणि आज तो डोळा जोर लावून ६/६ वाचतोय, असा अर्थ निघतो. वय वाढलं की तो जोर ओसरतो. म्हणून तिथे "मला सगळं दिसतंय" असं आनंदाने सांगणारा मुलगा अनफिट होतो.

नियम जाचक वाटेल, पण त्यामागचा विचार सरळ आहे. भरती होणारा माणूस पस्तीस-चाळीस वर्षं कॅबमध्ये बसणार. तपासणी ४५ वयापर्यंत दर ४ वर्षांनी, ५५ पर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दर वर्षी होते, आणि नोकरीत असताना ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो. सुरुवातच काठावरच्या डोळ्यांनी झाली तर उतरायला जागा उरत नाही. नोकरीत असताना डोळे फारच गेले तर माणसाला घरी बसवत नाहीत, पगार सांभाळून दुसरं काम देतात. ही सवलत आत आलेल्यांना आहे, दारात उभ्या असलेल्यांना नाही.

तर पहिलं काम शाखा निवडण्याचं नाही, डोळे तपासण्याचं आहे. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर काढलेला नंबर इथे चालणार नाही. कोवळ्या वयात डोळ्याचे स्नायू ताठलेले असतात, त्यात दहावीचं वर्ष आणि हातात मोबाइल, त्यामुळे मशीन उणे नंबर जास्त दाखवू शकतं. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन थेंब टाकून तपासणी करून घ्या. थेंबांनी स्नायू सैल पडतात आणि खरा नंबर दिसतो. काहींचा पाऊण नंबर थेंबांनंतर पावावर येतो किंवा जातोच. थेंबांनंतर दिवसभर, कधी त्याहून जास्त, जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पेपर किंवा क्लासची टेस्ट नसेल असा दिवस धरा आणि मुलीला स्कूटीवर एकटीला पाठवू नका. डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. प्रत्येक डोळ्याची बिनचष्म्याची नजर वेगळी लिहून द्या, आणि इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांवर रंगांची तपासणी करा. रंगदोष मुलांमध्ये शंभरात आठेक जणांना असतो, मुलींमध्ये दोनशेत एखादीला, तरी पाहून घ्यायला पाच मिनिटंच लागतात. एएलपीच्या जाहिरातीला नजरेच्या दाखल्याचा नमुना जोडलेला असतो. जुन्या जाहिरातीतून तो छापून डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे त्यांनाही नेमकं काय तपासायचं ते कळेल.

यातून तीनपैकी एक चित्र निघेल. थेंबांनंतर नंबर नाही आणि बिनचष्म्याने ६/६ येतंय, तर रस्ता मोकळा आहे, फक्त वर्षातून एकदा तपासत राहा. पाऊण किंवा त्याहून जास्त नंबर पक्का निघाला, तर एएलपीचा विषय आजच मिटवलेला बरा. उणे नंबर वाढत्या वयात वाढतो, सहसा आपोआप जात नाही. डोळ्यांचे व्यायाम, गाजराचा रस, नंबर घालवणारी शिबिरं, यावर पैसे घालवू नका. तिसरं चित्र काठावरचं: पाव नंबर, एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९. यात सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. तोवर असं शिक्षण घ्यायचं की डोळ्यांनी साथ दिली नाही तरी दोन-तीन वर्षं वाया गेली असं वाटू नये.

आता शाखा. इथे मामांचा सल्ला एका साध्या कारणाने चुकतो. नुसत्या बारावी सायन्सवर एएलपीचा फॉर्मच भरता येत नाही. पात्रता दहावी अधिक ठरावीक ट्रेडचं आयटीआय, किंवा दहावी अधिक मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइल यांपैकी तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा याच शाखांची इंजिनीअरिंगची पदवी. बारावी सायन्स आणि पुढे बीएस्सी ही वाट दुसऱ्या चार ठिकाणी जाते, इंजनात जात नाही.

आयटीआय घेतलंत तर ट्रेड जाहिरातीच्या यादीतलाच हवा. इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, फिटर, वायरमन, डिझेल मेकॅनिक हे यादीत असतात. "कॉम्प्युटरला स्कोप आहे" म्हणून कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) घेतलेली मुलं नंतर विचारत येतात, तिथे उपाय नसतो. माझी पसंती इलेक्ट्रिशियनला, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला. ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळपास संपलेलं आहे, पुढचं सगळं काम विजेवरच्या इंजनांचं, आणि एएलपी नाहीच झाली तर महावितरण, मेट्रो, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने या सगळ्यांना इलेक्ट्रिशियन लागतो. फिटर वाईट नाही, पण डोळ्यांबद्दल शंका असताना इलेक्ट्रिकल बाजू जास्त दारं उघडी ठेवते.

आयटीआय की डिप्लोमा, याचा निकाल वयाच्या हिशेबावर लावा. दहावी झाली तेव्हा मुलगी पंधरा-सोळाची. दोन वर्षांचं आयटीआय संपताना सतरा-अठराची. एएलपीला जाहिरातीत दिलेल्या तारखेला किमान १८ पूर्ण लागतात, म्हणजे आयटीआय करूनही ती लगेच फॉर्म भरू शकेलच असं नाही. डिप्लोमा तीन वर्षांचा, संपताना अठरा-एकोणीस. खरा फरक वर्षभराचाच पडतो, आणि डिप्लोमा हातात असला की ज्युनिअर इंजिनीअरच्या भरतीला बसता येतं, मेट्रोच्या जाहिरातींना बसता येतं, थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगलाही जाता येतं. म्हणून गणितात बरी असेल तर सदरचं शासकीय तंत्रनिकेतन, इलेक्ट्रिकल शाखा, हा मी पहिला पर्याय ठेवेन. गणित जड जात असेल किंवा घरात लवकर कमाई सुरू होणं गरजेचं असेल तर श्रद्धानंदपेठेतलं शासकीय आयटीआय. आयटीआयनंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमालाही जाता येतं, त्यामुळे तो रस्ताही तिथेच संपत नाही. आयटीआय आणि एएलपी यांच्यातला रिकामा काळ अप्रेंटिसशिपने भरावा. दक्षिण पूर्व मध्य (दपूम) रेल्वेचा नागपूर विभाग आणि मोतीबाग वर्कशॉप यांच्या अप्रेंटिसच्या जाहिराती निघतात, निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या मार्कांवर होते, वेगळी परीक्षा नाही. दहावीचे मार्क इथे पुन्हा उपयोगी पडतात, हे तिला आत्ताच सांगा. अप्रेंटिसशिपने नोकरी पक्की होत नाही, पण वर्षभर खऱ्या मशीनला हात लागतो आणि स्टायपेंडही मिळतो.

परीक्षेचं थोडक्यात. पहिली संगणकावरची परीक्षा ७५ प्रश्न, ६० मिनिटं, फक्त चाळणी. तिचे मार्क पुढे धरत नाहीत. दुसरीचे दोन भाग. भाग अ ला १०० प्रश्न, ९० मिनिटं: गणित, बुद्धिमत्ता, मूलभूत विज्ञान आणि इंजिनीअरिंग. भाग ब तुमच्या ट्रेडवर, ७५ प्रश्न, ६० मिनिटं, त्यात ३५ टक्के मिळवून पास व्हायचं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात. या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात. त्यानंतर येते ती अ‍ॅप्टिट्यूड चाचणी, सगळे तिला सीबॅट म्हणतात, आणि बरीच मुलं इथे गळतात. ती फक्त हिंदी-इंग्रजीत असते. पाच तुकडे: स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता, झटपट निरीक्षण. प्रत्येक तुकड्यात किमान ४२ टी-स्कोअर (बाकीच्या मुलांच्या तुलनेत काढलेला गुण) हवा, कुठल्याही प्रवर्गाला सूट नाही. चार तुकड्यांत उत्तम आणि एका तुकड्यात ४१ असेल तर बाहेर, मग भाग अ मध्ये पहिला नंबर असला तरी. आणि अंतिम यादीत सीबॅटचं वजन ३० टक्के, भाग अ चं ७०.

इथे नेमकं काय चुकतं ते सांगतो. मुलं वर्षभर गणिताचा क्लास लावतात आणि सीबॅटकडे दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागल्यावर वळतात. हाताशी काही आठवडे उरतात. त्यात सराव छापील पुस्तकावर, आणि चाचणी पडद्यावर. आकड्यांच्या लांबलचक ओळींतून ठरलेला आकडा शोधायचा, नकाशा एकदा पाहून इमारती आठवायच्या, एकमेकांवर रचलेल्या विटांत कोणती वीट किती विटांना टेकली ते मोजायचं, आणि हे सगळं घड्याळ लावून. बुद्धीपेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. रोज वीस मिनिटं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, सहा महिने, एवढं केलं तर पुरतं. रेल्वेच्या आरडीएसओ संस्थेच्या वेबसाइटवर नमुन्याच्या चाचण्या फुकट मिळतात. नजरेचा तो दाखला सीबॅटच्या दिवशी मूळ प्रतीत सोबत लागतो.

भरतीचा ताल मात्र कुणाच्या हातात नाही. २०१८ नंतर एएलपीची जाहिरात थेट २०२४ मध्ये आली. त्यात आधी ५,६९६ जागा होत्या, वाढून १८,७९९ झाल्या. २०२५ मध्ये ९,९७० आल्या. आता दर वर्षी भरती काढायचं धोरण आहे, पण त्या सहा वर्षांत ज्यांची वयं निघून गेली त्यांना विचारा. म्हणून "फक्त एएलपी" अशी तयारी कुणालाच सुचवू नये. नागपूरच्या मुलांसाठी आणखी एक बारीक गोष्ट: फॉर्म एकाच भरती मंडळाला भरता येतो. शहरात दोन रेल्वेंचे विभाग आहेत, मध्य रेल्वेचा आणि दपूम रेल्वेचा. दपूमच्या जागा बिलासपूर मंडळात येतात. मध्य रेल्वेच्या जागा २०२४ मध्ये मुंबई आणि बिलासपूर अशा दोन्हींकडे विभागलेल्या होत्या. जाहिरातीतला तक्ता पाहून मंडळ निवडा, शेजारच्या मुलाने मुंबई भरलं म्हणून मुंबई भरू नका.

इथपर्यंतचा हिशेब असा: आधी थेंब टाकून डोळे, मग इलेक्ट्रिकल डिप्लोमा किंवा इलेक्ट्रिशियन, सीबॅटचा सराव लवकर, आणि एएलपीचा विचार आहे तोवर लेझर नाही.

आता मामांचा मुद्दा. त्यांचं पूर्ण चूक नाही. इंजनाचं काम बदललंय आणि अजून बदलणार आहे. पण ते कसं बदललं हे पाहिलं तर "ड्रायव्हर लागणारच नाही" एवढी उडी मारता येत नाही.

वाफेच्या इंजनावर ड्रायव्हर आणि सोबत फायरमन, बहुतेकदा दोन. कोळसा फावड्याने टाकायचा, काचनळीतली पाण्याची पातळी बघत राहायची, चढ यायच्या आधी वाफ भरून ठेवायची. इंजनाची मर्जी हाताला आणि कानाला कळायची, आणि ती कळायला कित्येक वर्षं फायरमनकी करावी लागायची. डिझेल आलं आणि हातातलं फावडं गेलं, त्या जागी आठ नॉचचा, म्हणजे आठ टप्प्यांचा, थ्रॉटल आला. फायरमनचा असिस्टंट झाला. मग विजेची जुनी इंजनं, डब्ल्यूएजी-५ आणि डब्ल्यूएजी-७. त्यांत ३२ नॉच एकेक करत चढवायचे. मधेच डीजे ट्रिप झाला, म्हणजे मुख्य ब्रेकर उडाला, की असिस्टंटने मागे जाऊन कुठल्या रिलेचा, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या स्विचचा, टार्गेट (खुणेची पट्टी) पडलाय ते पाहायचं. क्यूएलएम नावाचा रिले पडला असेल तर एक अर्थ, क्यूओए पडला असेल तर दुसरा. रिले तोंडपाठ असणाऱ्याला लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर ड्युटीची हजेरी लावतात त्या कचेरीत, मान असायचा. आताच्या थ्री-फेज इंजनांत, डब्ल्यूएजी-९ किंवा डब्ल्यूएपी-७ मध्ये, बिघाड पडद्यावर लिहून येतो आणि संगणक आपणच तो भाग बाजूला काढतो. ब्रेक लावताना वीज उलट तारेत जाते. नागपूरच्या डेपोत देखभालीला येणारी मधेपुऱ्याची जोड-इंजनं तर १२,००० अश्वशक्तीची आहेत.

म्हणजे दर वेळी काय गेलं? हाताचं काम गेलं. आणि काय उरलं? लक्ष ठेवण्याचं काम, आणि ते वाढत गेलं. ५८ वाघिणींची कोळशाने भरलेली मालगाडी ताशी ७५ किलोमीटरने धावत असेल तर ती थांबायला किलोमीटरच्या घरात अंतर लागतं. नागपूर–इटारसी मार्गावरच्या धाराखोह आणि मरामझिरीच्या घाटात तर मागे-पुढे जादा इंजनं लावूनही उतारावर ब्रेक कधी आणि किती, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. सिग्नल दिसला की पायलट आणि असिस्टंट दोघांनी तो मोठ्याने पुकारायचा, "डबल यलो", "यलो", हा नियम कितीही नवं इंजन असलं तरी तसाच आहे. मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर व्हीसीडी नावाचं यंत्र दिवा लुकलुकवतं, ८ सेकंदांनी बझर वाजवतं आणि आणखी ८ सेकंद उत्तर आलं नाही तर स्वतःच ब्रेक लावतं. माणूस जागा आहे का, हे यंत्र तपासतं.

कवच ही त्याच्या पुढची पायरी. २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली, सुधारलेली ४.० आवृत्ती २०२४ च्या जुलैमध्ये मंजूर झाली. रुळांत बसवलेले टॅग, रेडिओ आणि इंजनातलं यंत्र मिळून पुढचा सिग्नल कॅबमध्ये दाखवतात आणि पायलट लाल ओलांडायला निघाला तर गाडी थांबवतात. पण कवच गाडी चालवत नाही. चालवणाऱ्याच्या चुकीला आवर घालतं. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर २०२० च्या डिसेंबरपासून ड्रायव्हरविना गाड्या धावतात, मामांचा दाखला बहुधा तोच असेल. तिथे रूळ उंचावर किंवा बोगद्यात, फलाटाला दरवाजे, सगळ्या गाड्या एकसारख्या. नागपूर–गोंदिया लाइनवर वंदे भारत, पॅसेंजर आणि मालगाडी एकाच रुळावर, मधे फाटकं, कडेला गुरं. तिथून माणूस काढणं हा निराळा प्रश्न आहे.

तरी एक भाकीत करतो, चुकू शकतं. कमी झालाच तर आधी दुसरा माणूस होईल. मुंबईच्या लोकलमध्ये पुढच्या कॅबमध्ये मोटरमन एकटाच असतो. कवच सगळीकडे बसलं की मेन लाइनवर हा विचार जोर धरेल. त्यामुळे भरतीच्या जागा कमी-जास्त होतील, पण तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांनी घाबरून आज दिशा बदलावी इतकं ते जवळ दिसत नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या एका नोकरीत मुंबईची लाइन १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेली आणि शेवटी त्यांनी वंदे भारत चालवली. शिक्षण विचाराल तर कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातला इलेक्ट्रिकल डिप्लोमा.

मुलीला कामाची दुसरी बाजूही आत्ताच दाखवा, कारण लहानपणच्या चित्रात ती नसते. ड्युटीचं ठरलेलं घड्याळ नाही. कॉल साधारण दोन तास आधी येतो, रात्री एकलाही येतो. लॉबीत जाऊन अंगठा, तोंडाने फुंकून दारूची तपासणी, वेगमर्यादांचा कॉशन ऑर्डर समजून घेऊन सही, मग इंजन ताब्यात. नवा सेक्शन (मार्गाचा टप्पा) चालवायला मिळण्याआधी तो शिकण्याच्या फेऱ्या, त्यात एक रात्रीची. ड्युटी सहसा ९ तासांची धरतात, अडचणीत साइन-ऑनपासून, म्हणजे हजेरी लावल्यापासून, ११ पर्यंत जाते. दुसऱ्या गावी रनिंग रूममध्ये झोप, घरी आल्यावर १६ तासांची विश्रांती. मारबतीच्या दिवशी, दिवाळीला, घरी असेलच याची हमी नाही. इंजनात स्वच्छतागृहाची सोय अजून सगळीकडे नाही, मुलींना याचा त्रास होतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पगाराला मूळ १९,९०० पासून सुरुवात, त्यावर महागाई भत्ता आणि धावलेल्या किलोमीटरचा भत्ता. मालगाडीचा लोको पायलट झाल्यावर मूळ वेतन ३५,४०० पासून.

आणि डोळ्यांनी नाहीच म्हटलं तर? तेव्हा तिला विचारा, तुला त्यातलं नेमकं काय आवडतं. हे विचारताना "दुसरं काय करणार आता" असा सूर नको. काही मुलांना खिडकीतून धावणारा रूळ आवडतो, काहींना इंजनाचा आवाज आणि आतली यंत्रं, काहींना सिग्नल आणि गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांची गुंतागुंत. खिडकीच हवी असेल तर मेट्रोच्या ट्रेन ऑपरेटरची जाहिरात वाचा, पण तिथेही नजरेची अट असते, ती आधी बघा. यंत्रं आवडत असतील तर अजनीचं इलेक्ट्रिक लोको शेड तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. टेक्निशियनच्या बऱ्याच पदांना बी-वन वर्ग लागतो, त्यात ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो, पण रंग ओळखणं, अंतर जोखणं आणि रात्रीची नजर या तपासण्या तिथेही असतात. सिग्नल आवडत असेल तर कवच बसवायला आणि सांभाळायला येत्या काळात हजारो किलोमीटरवर माणसं लागतील, आणि ते काम आत्ताच्या दहावीतल्या मुलांच्या वाट्याला येणार. एक चूक करू नका: "ड्रायव्हर नाही तर स्टेशन मास्तर" असं बरेच जण ठरवतात. स्टेशन मास्तर आणि गाडीचा गार्ड, म्हणजे आताचा ट्रेन मॅनेजर, यांना ए-टू वर्ग लागतो आणि त्यातही नजर बिनचष्म्याचीच, ६/९.

हा प्रश्न विचारायला घरातल्या सोफ्यापेक्षा मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय बरं. तिथे जुन्या वाफेच्या इंजनाजवळ उभं राहून ती आधी कुठे बघते, चाकांकडे, बॉयलरकडे की ड्रायव्हरच्या जागेकडे, ते तुम्ही बघा. तिथून परत आलात की नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्या, बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावरच्या आठवड्यातली, म्हणजे तंत्रनिकेतन आणि आयटीआयचे फॉर्म सुटायच्या आधी कागद हातात येईल. जाताना गेल्या वर्षीची चष्म्याची चिठ्ठी सोबत न्या. वर्षभरात नंबर किती सरकला, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळणार आहे.